पडद्यावरील अक्षरांची जागा
१९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात मजकूर दृश्यांच्या मध्ये स्वतंत्र पाट्यांवर येई. बोलपटांच्या काळात परभाषक प्रेक्षकांसाठी उपशीर्षके थेट चित्रावर आली आणि उजळ आकाशावर पांढरी अक्षरे विरू लागली. काळी पट्टी लावली, तर चित्र झाकले जाई.

आजची व्हिडिओ-संपादन सॉफ्टवेअर मधला मार्ग काढतात: मजकुराची चौकट सरकेल तसा तिच्यामागचा भाग धूसर होतो. प्रत्येक पिक्सेलला शेजाऱ्यांची भारित सरासरी मिळते. जवळच्यांना अधिक भार, दूरच्यांना कमी. हा भार ठरवणारा घंटाकृती वक्र गाउसने १८०९ साली खगोलीय निरीक्षणांतील त्रुटींच्या संदर्भात मांडला होता. धूसरतेने बारीक तपशील पुसले जातात, उजळपणा मात्र घटत नाही. म्हणून सोबत गडद छटाही द्यावी लागते.

भारतात हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली गाण्यांचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर दाखवून वाचनाचा सराव घडवण्याची कल्पना मांडली. पुढे ती दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये उतरली. नवसाक्षराला अक्षर स्पष्ट दिसले, तरच ते त्याला वाचता येईल.