प्रकाशसंवेदी अपस्मार आणि पोषक द्रव्यांची परीक्षा

भिंगारच्या शेजारीच, अहमदनगर शहरात (२०२४ पासून अहिल्यानगर), वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय स्थापन केले. ‘औषधी गुणधर्मशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ. द्रव्याचा गुण ठरवावयाचा कसा, हा त्या शास्त्राचा मूळ प्रश्न अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, इतिहासात वारंवार पुढे येतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्मारावर पंचगव्य घृत, ब्राह्मी घृत इत्यादी योग सांगितले आहेत. रोग्यास दिसणाऱ्या रूपांचे रंगही तेथे दोषपरत्वे भिन्न आहेत. परंतु हे रंग रोगाची लक्षणे होत. बाहेरील प्रकाशाने झटका येणे ही निराळी गोष्ट, आणि दोहोंची गल्लत होऊ नये. रस्त्याकडेच्या झाडांमधून येणारे ऊन चालत्या गाडीत डोळ्यांवर लुकलुकते. तेवढ्यानेही काही रोग्यांना झटका येतो.

१९४६ साली ब्रिस्टल येथील ग्रे वॉल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लुकलुकत्या प्रकाशाचा मेंदूच्या विद्युत्-आलेखावर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. या शोधाचे मोल पुढे औषधपरीक्षेत कळले. एरवी झटके महिनोन्महिने मोजावे लागतात, आणि ते आपोआपही कमीजास्त होतात. प्रकाशसंवेदी रोग्यात मात्र किती वेगाने लुकलुकणारा प्रकाश आलेख बिघडवितो, हे औषधापूर्वी व औषधानंतर काही तासांतच पाहता येते. अनेक नव्या औषधांची पहिली पारख अशीच झाली.

पोषक द्रव्यांची कथा इतकी सरळ नाही. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत ब-६ जीवनसत्त्व कमी असलेल्या डब्यातील दुधामुळे अर्भकांना आकडी येत असे. जीवनसत्त्व देताच ती थांबे. तेथे उणीव होती, ती भरून निघाली. उणीव नसताना जादा मात्रा गुण देईलच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. १९७० नंतरच्या दशकात टॉरीनविषयीचे आरंभीचे आशादायक निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. इंग्लंडात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७ रोग्यांवरील ओमेगा-३ च्या प्रयोगात पहिले सहा आठवडे झटके घटले, नंतर तो लाभ ओसरला. प्रयोग तेथेच थांबविला असता तर यश म्हणूनच त्याची नोंद झाली असती! प्रकाशसंवेदी अपस्मारात तर कोणत्याही पूरक द्रव्यास मान्य उपचाराचे स्थान मिळालेले नाही. त्याच्या भरवशावर चालू औषध अचानक सोडणाऱ्या रोग्याच्या जिवावर बेतू शकते.

१९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी सुचविलेला स्निग्धप्रधान आहार वाचून आपल्याला घृताची आठवण व्हावी हे साहजिक आहे. पण त्यात पिष्टमय अन्न जवळजवळ वर्ज्य करून सारा आहारच वैद्यकीय देखरेखीखाली बदलावा लागतो. भाकरीवर वाढलेल्या चमचाभर तुपाने ते साधत नाही.