ब्रेक ड्रम उतरवणे (जुन्या मोटारी)

ब्रेक ड्रम उतरवणे : चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा बिडाचा ड्रम हबवरून किंवा ॲक्सलवरून काढण्याची क्रिया. लायनर, स्प्रिंगा आणि व्हील सिलिंडर यांची नीट तपासणी याशिवाय होत नाही. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर, मॉरिस मायनर आणि फोक्सवॅगन बीटल यांच्या बहुतेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. अशा गाड्या आता हौसेने राखल्या जातात आणि महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असतात. मग ड्रम जागचा हलत नाही आणि हातोडा बाहेर निघतो. बीड ठिसूळ असते; ड्रमच्या कडेवर पडलेला एक जोरकस घाव तडा पाडायला पुरतो. म्हणून ड्रम कशाने अडला आहे हे आधी ओळखावे.

सर्वांत जास्त वेळा अडचण होते ती झिजेमुळे. लायनर घासून ड्रमच्या आत पट्टा खोल जातो, पण लायनर जिथे पोचत नाही ती कडेची अरुंद किनार मूळ व्यासाचीच राहते. ड्रम थोडा पुढे येऊन थांबला आणि सोडल्यावर किंचित मागे गेला, तर लायनर बसवलेले शू या किनारीमागे अडकले आहेत असे समजावे. येथे ओढाताण केली तर स्प्रिंगा आणि शूच्या पिना वाकतात. मागचा ड्रम असेल तर हँडब्रेक सोडावा आणि ॲडजस्टर उलटा फिरवून शू आत घ्यावेत. मॉरिस मायनरमध्ये ड्रमच्या भोकातून ॲडजस्टरच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर बसतो. मिनीच्या मागच्या ब्रेकला बॅकप्लेटमागे चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर असतो. आपोआप जुळणाऱ्या अमेरिकन ब्रेकमध्ये दातेरी चाक उलटे फिरवण्यापूर्वी त्यावरची पट्टी बारीक स्क्रू ड्रायव्हरने बाजूला धरावी लागते. ते न करता चाक फिरवू पाहणारे दाते बोथट करून बसतात.

ड्रम तसूभरही हलत नसेल, तर आधी तो धरून ठेवणारे स्क्रू शोधावेत. मायनर आणि मिनीत असे दोन असतात, आणि गंज व रंगाखाली ते सहज नजरेतून सुटतात. ते काढूनही ड्रम घट्टच असेल, तर हबचा मधला उंचवटा गंजाने धरला आहे. तिथे आणि स्टडांभोवती गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. मग ड्रम फिरवत स्टडांच्या मधल्या सपाट भागावर तांब्याच्या हातोड्याने हलके ठोके द्यावेत. काही ड्रमांवर आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. गॅसची ज्योत टाळावी. ऑइल सील आणि ग्रीस जळतात, आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तापल्यास फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

शंकूच्या आकाराच्या ॲक्सलवर बसलेला ड्रम ही वेगळीच गोष्ट. १९६४ पर्यंतच्या क्रायस्लर गटाच्या अनेक गाड्यांत मागचा ड्रम चावीसह असा बसतो. त्याला स्टडांवर बसणारा स्क्रू पुलरच लागतो. कडेला पकडणाऱ्या पुलरने ड्रम वाकतो किंवा फुटतो. मधला नट पूर्ण काढू नये, सैल करून काही आट्यांवर ठेवावा. ताण वाढत जातो आणि ड्रम एकदम स्फोटासारखा आवाज करून सुटतो. नट नसेल तर पुलरसकट अंगावर येतो. याच गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हे न कळल्याने किती स्टड तुटले असतील! बीटलमध्ये मागच्या ड्रमचा नट ३६ मिलिमीटरचा आणि सुमारे ३० किलोग्रॅम-मीटर टॉर्कने आवळलेला असतो. पिन काढून तो गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा. उचललेल्या गाडीवर एवढा जोर लावला तर ती स्टँडवरून खाली येते.

गाडी सपाट जागी, उरलेल्या चाकांना ठोकळे लावून आणि घोडीवर टेकवूनच काम करावे, कारण मागच्या ड्रमसाठी हँडब्रेक सोडलेलाच असतो. केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये.

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. युरोपीय संघात १ जानेवारी २००५ पर्यंत त्याच्या जवळजवळ सर्व वापरांवर बंदी लागू झाली, पण गॅरेजच्या फळीवरचे जुने शू त्याआधीचे असू शकतात. ड्रममधली काळी भुकटी हवेच्या नळीने उडवण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच घातक. भुकटी ओली करून फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बंद करावे आणि योग्य दर्जाचा मास्क वापरावा.

ड्रम बाहेर असताना कोणी ब्रेक पेडल दाबू नये. व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि तेल सांडते. उतरवलेल्या ड्रमवर तडा, निळसर डाग आणि किनारीची उंची पाहावी. लेथवर किनार काढता येते, मात्र व्यास उत्पादकाच्या कमाल मर्यादेत राहायला हवा. पावसाळ्यात गाडी ठेवून देताना हँडब्रेक ओढून ठेवू नये, नाहीतर लायनर गंजाने ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकांना ठोकळे लावणे पुरते.