सनद नसलेले गाव : लेव्हिटटाउन

श्रोतेहो, पन्नास हजार वस्तीचे गाव म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे नगरपालिकेची इमारत उभी राहते, नगराध्यक्ष येतात, निवडणुकीतली भांडणे येतात. आज ज्या गावाची हकिकत मी सांगणार आहे, त्या गावात २०२० च्या शिरगणतीप्रमाणे ५१,७५८ माणसे राहतात. पण त्याला नगराध्यक्ष नाही आणि नगरपालिकाही नाही. अमुक एक हद्द या गावाची, असे ठरवून देणारी सनदही त्याच्यापाशी नाही. आणि गंमत अशी, की अमेरिकेच्या इतिहासाच्या पुस्तकांत ज्या उपनगराचे नाव सगळ्यांत जास्त वेळा येते, ते हेच. गावाचे नाव लेव्हिटटाउन. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे, त्या बेटावर मॅनहटनपासून पंचवीस-तीस मैलांवर ते वसलेले आहे.

आता पन्नास हजारांचे गाव बिनसनदी कसे, हा प्रश्न साहजिक आहे. न्यूयॉर्क राज्यात जिल्ह्याला कौंटी म्हणतात आणि कौंटीच्या पोटात 'टाउन' असतात. नाव टाउन असले तरी आपण शहर समजू नये; आपल्या तालुक्याशी त्याचे साम्य अधिक. टाउनमधल्या एखाद्या वस्तीने कायद्याप्रमाणे सनद मिळवली, तर तिला 'व्हिलेज' म्हणतात. मग तिचा मेयर, तिचे मंडळ, तिचे बांधकामाचे नियम. ज्यांनी सनद घेतली नाही त्या वस्त्यांचा कारभार टाउनच पाहते. लेव्हिटटाउन हे नासाऊ कौंटीतल्या हेम्पस्टेड टाउनमध्ये येते, आणि या एका टाउनची वस्ती जवळजवळ आठ लाख आहे! म्हणजे लेव्हिटटाउनमध्ये पोलीस दिसतो तो कौंटीचा, गल्लीतला रस्ता बांधते ते टाउन, आग लागली तर धावून येतात ते स्वयंसेवक, आणि मुलांना शिकवण्यासाठी वेगळा शाळा-जिल्हा. शिरगणती खात्याने मोजणीच्या सोयीसाठी नकाशावर एक रेघ आखली आहे. मी मघाशी सांगितलेला आकडा त्या रेघेच्या आतला आहे. टपालाची हद्द निराळी, शाळेची निराळी. लेव्हिटने बांधलेली पुष्कळ घरे तर शेजारच्या हिक्सव्हिल, वाँटा, ईस्ट मेडो अशा वस्त्यांत मोडतात.

या गावाच्या जागी पूर्वी बटाट्याची शेते होती. त्याहून पूर्वी तेथे हेम्पस्टेडचे विस्तीर्ण गवताळ माळरान होते. त्या सपाट माळावर पाइन झाडांचा एक पुंजका दुरून समुद्रातल्या बेटासारखा दिसे, म्हणून त्या भागाला 'आयलंड ट्रीज' असे सुंदर नाव पडले होते. १९४१ साली जवळच्या हिक्सव्हिल येथे बटाट्याच्या मुळांवर एक सूत्रकृमी सापडला. हा किडा साध्या डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण मुळांवर सोनेरी मोहरीसारख्या गाठी दिसू लागल्या की शेतकरी काय ते समजतो. एकदा तो जमिनीत शिरला, की वर्षानुवर्षे निघत नाही. ज्याच्या शेतात काही रोग शिरला आहे आणि ज्याच्या बांधावर जमिनीचा दलाल उभा आहे, त्या शेतकऱ्याची मनःस्थिती मी आपल्याला वेगळी सांगायला नको.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. लक्षावधी शिपाई घरी आले, आणि घर कोठे आहे? आर्थिक मंदीची दहा वर्षे आणि युद्धाची चार, एवढ्या काळात अमेरिकेत घरबांधणी फारच थोडी झाली होती. तरुण जोडपी सासू-सासऱ्यांच्या एका खोलीत, नाही तर लष्कराच्या अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत दिवस काढीत होती. सरकारने १९४४ साली कायदा करून माजी सैनिकांच्या गृहकर्जाची हमी घेतली होती. थोडक्यात, पैसा होता, गिऱ्हाईक होते, जमीन होती. घर मात्र नव्हते.

ही फट एब्राहम लेव्हिट आणि त्याचे दोन मुलगे, विल्यम व आल्फ्रेड, यांनी हेरली. आल्फ्रेड नकाशे काढी, विल्यम व्यवहार पाही. युद्धकाळात व्हर्जिनियातल्या नॉरफोक येथे आरमारी कामगारांसाठी घाईघाईने घरे बांधताना त्यांनी एक धडा घेतला होता. मे १९४७ मध्ये त्यांनी दोन हजार घरे भाड्याने देण्याची योजना जाहीर केली. अडचण एकच होती. हेम्पस्टेडच्या नियमाप्रमाणे प्रत्येक घराला तळघर हवे, आणि लेव्हिटला तर नुसता काँक्रीटचा कोबा घालून वर घर उभे करायचे होते. त्या महिन्याच्या २७ तारखेला टाउनच्या मंडळाची सभा भरली, तेव्हा माजी सैनिक आणि त्यांच्या बायका यांनी सभागृह गच्च भरून गेले. मंडळाने नियम बदलला. १ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिली बिऱ्हाडे राहायला आली.

बांधण्याची पद्धत मोठी पाहण्यासारखी होती. मोटारीच्या कारखान्यात मजूर जागेवर उभा असतो आणि गाडी पुढे सरकते. इथे घर जागेवर आणि मजुरांच्या टोळ्या पुढे सरकायच्या. एका घराचे काम सत्तावीस टप्प्यांत वाटलेले असे. एक टोळी कोबा घाले, दुसरी चौकटी उभ्या करी. रंगाऱ्यांतसुद्धा कोणी एकच रंग देणारा, तर कोणी दुसरा. लाकूड लेव्हिटच्या स्वतःच्या कॅलिफोर्नियातल्या गिरणीतून येई, खिळेही घरचेच. ऐन भरात दिवसाला तीस घरे पुरी होत. प्रत्येक घर साडेसातशे चौरस फुटांचे, दोन झोपायच्या खोल्या, वर अर्धवट सोडलेला पोटमाळा, आणि भोवती साठ बाय शंभर फुटांचा तुकडा. कोब्यातून तांब्याच्या नळ्या फिरवून त्यांतून गरम पाणी सोडीत, म्हणजे हिवाळ्यात जमीनच ऊब देई. भाडे महिना साठ डॉलर. १९४९ पासून घरे विकायला काढली ती ७,९९० डॉलरला, आणि माजी सैनिकाला सुरुवातीला रोख काही द्यावे लागत नसे. १९५१ पर्यंत १७,४४७ घरे झाली.

मालकाचा हात घराबरोबर थांबला नाही. 'आयलंड ट्रीज' हे नाव बदलून विल्यमने गावाला आपल्या घराण्याचे नाव दिले. रहिवाशांनी कुरकुर केली, पण सनद नसलेल्या गावात ठराव करणार कोण? करारनाम्यात नियम होते : कुंपण घालू नये, हिरवळ दर आठवड्याला कापावी, कपडे ठरावीक प्रकारच्या छत्रीदार दोरीवरच वाळत घालावेत, तेही शनिवार-रविवारी नव्हे. यांत हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण त्याच भाडेकराराचे पंचविसावे कलम मात्र हसण्यासारखे नव्हते. त्यात ठळक अक्षरांत लिहिले होते, की गोऱ्या वंशाखेरीज इतर कोणाला भाडेकरूने हे घर वापरू वा त्यात राहू देता कामा नये. घरकामाचे नोकर तेवढे चालतील!

श्रोतेहो, या कलमापाशी थोडे थांबले पाहिजे. हे केवळ एका बिल्डराच्या मनातले विष होते असे मानले, तर चित्र अपुरे राहते. लेव्हिट घराणे स्वतः ज्यू. वंशद्वेषाची झळ काय असते हे त्यांना ठाऊक असणारच. १९३४ साली स्थापन झालेली सरकारी गृहकर्ज विमा संस्था अशा कलमांची आपल्या पुस्तिकेत शिफारसच करीत असे, आणि तिच्या आश्वासनाशिवाय लेव्हिटला बँकेचा एक डॉलर मिळाला नसता. म्हणजे सरकारच्या हमीचा पैसा, आणि त्या पैशाने बांधलेल्या घराचे दार गोऱ्या सैनिकांना उघडे, उरलेल्यांना बंद. याच युद्धात फ्रान्समध्ये आणि पॅसिफिकमध्ये लढून आलेला कृष्णवर्णीय शिपाई साठ डॉलर घेऊन आला, तरी परत जाई. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की असल्या अटी न्यायालयांनी अंमलात आणू नयेत. पुढच्या वर्षी करारातून कलम गेले. धोरण मात्र गेले नाही. गावातल्याच काही गोऱ्या रहिवाशांनी समिती काढून या धोरणाला विरोध केला, हे नमूद केले पाहिजे; सगळे गाव मुके नव्हते. विल्यमचे उत्तर ठरलेले असे : आम्ही घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा प्रश्न हाताळू शकतो, दोन्ही एकदम नाही. पेनसिल्व्हेनियात लेव्हिटने याच नावाची दुसरी वसाहत बांधली. तेथे ऑगस्ट १९५७ मध्ये मायर्स नावाचे पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तेव्हा घरापुढे जमाव जमला, दगड पडले, आणि राज्याचे पोलीस आणावे लागले. घर देताना-घेताना वंशभेद करण्यास देशभर मनाई करणारा कायदा व्हायला १९६८ साल उजाडले. तोवर लाँग आयलंडवरची सतरा हजार घरे गोऱ्या हातांत गेली होती, आणि ७,९९० डॉलरच्या त्या घराची किंमत आज कित्येक लाख डॉलर झाली आहे. ही पुंजी बापाकडून मुलाकडे गेली. ज्याला दारातून परत पाठवले, त्याच्या मुलाला ती मिळाली नाही. २०१० च्या शिरगणतीतसुद्धा लेव्हिटटाउनमध्ये कृष्णवर्णीय माणूस शंभरात जेमतेम एक आढळला.

सुरुवातीची वस्ती कशी होती म्हणाल, तर सगळी एका वयाची. पंचविशी-तिशीतले आईबाप आणि कडेवरची मुले. आजी-आजोबा औषधालासुद्धा नाहीत. गावाला रेल्वे स्टेशन नाही, तेव्हा पुरुष सकाळी हिक्सव्हिल किंवा वाँटा गाठून न्यूयॉर्कला कामाला जात, आणि दिवसभर गाव बायकामुलांचे होई. लुइस ममफर्डसारख्या विद्वानांनी टीका केली, की एकसारख्या घरांत एकसारखी माणसे तयार होतील. मला ही टीका थोडी शहरी ऐटीची वाटते. सासऱ्याच्या एका खोलीतून आलेल्या माणसाला शेजाऱ्याचे घर आपल्यासारखे आहे याचे काय दुःख?

शिक्षकबंधूंनी पुढची गोष्ट विशेष लक्ष देऊन ऐकावी. या गावात लोकांनी निवडून दिलेली, आपली म्हणावी अशी मोठी सत्ता एकच, ती म्हणजे शाळा-मंडळ. त्यामुळे जी भांडणे आपल्याकडे ग्रामपंचायतीत होतात, ती तेथे शाळेत शिरली. शाळेचा बराचसा खर्च घरपट्टीवर चाले. गावात कारखाने नाहीत, मोठ्या इस्टेटी नाहीत. आहेत ती छोटी घरे आणि पुष्कळ मुले. शेजारच्या श्रीमंत वस्तीत थोड्या दराने जेवढा पैसा जमे, तेवढा इथे जबर दर लावूनही जमेना. १९७४ साली लेव्हिटटाउनच्या शाळा-मंडळाने इतर सव्वीस शाळा-जिल्ह्यांना बरोबर घेऊन राज्यावर दावा केला : मुलाचे शिक्षण त्याच्या शेजाऱ्यांच्या घराच्या किमतीवर का ठरावे? खालच्या न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९८२ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला. समान खर्चाची हमी राज्यघटना देत नाही, ती फक्त पायाशुद्ध मूलभूत शिक्षणाची हमी देते, असे न्यायालय म्हणाले. दावा हरला, पण याच शब्दांचा आधार घेऊन न्यूयॉर्क शहरातल्या पालकांनी पुढे १९९० नंतर राज्याला पुन्हा न्यायालयात खेचले, आणि ते जिंकले. खालच्या न्यायालयाचा निकाल लागला त्याच १९७८ साली लेव्हिटटाउनच्या शिक्षकांनी महिनाभराहून अधिक दिवस संप केला होता.

'आयलंड ट्रीज' हे जुने नाव गावातल्या दुसऱ्या एका शाळा-जिल्ह्याने जपले आहे. त्या मंडळाने १९७६ साली शाळेच्या ग्रंथालयातून काही पुस्तके काढून टाकली. त्यांत रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय लेखकाचेही पुस्तक होते. स्टीव्हन पिको या विद्यार्थ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दावा लावला. १९८२ साली तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्तींत मोठा मतभेद झाला, पण केवळ विचार पटत नाहीत म्हणून मंडळाने पुस्तके काढू नयेत, या बाजूला पारडे झुकले.

एव्हाना गावाचे वय वाढत चालले होते. शिरगणतीतली वस्ती १९६० साली ६५,२७६ होती. १९८० साली सुमारे ५७ हजारांवर आली, २००० साली ५३ हजारांवर. घर एकही कमी झाले नव्हते. मुले मोठी होऊन निघून गेली, आईबाप मागे राहिले, काही शाळा बंद कराव्या लागल्या. घरे मात्र वाढली. पोटमाळ्याच्या खोल्या झाल्या, छपरे उचलली गेली, मागे-पुढे पडव्या निघाल्या. लेव्हिटने दिले तसेच राहिलेले घर आज शोधून काढावे लागते. विल्यमने १९६८ साली कंपनी विकली आणि मिळालेला पैसा पुढच्या धंद्यांत घालवला. १९९४ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्यापाशी फारसे काही उरले नव्हते.

अलीकडच्या मोजण्यांत स्पॅनिश बोलणारी आणि आशियाई कुटुंबे दर दहा वर्षांनी वाढलेली दिसतात. त्यांत भारतीयही आहेत. बटाट्याच्या मुळांवर तो सूत्रकृमी सापडला त्या हिक्सव्हिलमध्ये तर आज भारतीय किराणा, साड्या आणि मिठाई यांची दुकाने ओळीने लागली आहेत, आणि लेव्हिटटाउनची मंडळी तेथे सौदा आणायला जातात.