हॉर्सरॅडिश आणि काचेची बाटली

तुम्ही कधी सुशी खाल्ली असेल, तर हॉर्सरॅडिशही बहुतेक नकळत खाल्लं असेल. जपानबाहेर ‘वसाबी’ म्हणून जो हिरवा गोळा मिळतो, तो बऱ्याचदा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांचा असतो. म्हणजे चक्क डुप्लिकेट माल! गंमत अशी, की एकेकाळी खुद्द हॉर्सरॅडिशमध्येच भेसळ व्हायची. आजची गोष्ट त्याचीच.

हॉर्सरॅडिश म्हणजे मोहरीच्या कुळातलं एक जाडजूड, मातकट मूळ. १५९७ साली इंग्लंडच्या जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय, की जर्मन लोक हे मूळ कुटून, थोडं व्हिनेगर घालून माशांबरोबर खातात, जशी आपण मोहरी खातो. पुढे इंग्रजांनीही ते उचललं आणि रोस्ट बीफच्या शेजारी हा सॉस कायमचा जाऊन बसला.

अडचण एकच. किसणार कोण? अख्ख्या मुळाला फारसा वास नसतो. त्यातलं सिनिग्रिन आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतं. किसताना कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि थेट नाकात जाणारं झणझणीत रसायन तयार होतं. त्यापुढे कांदा परवडला!

त्यामुळे अमेरिकेत तयार हॉर्सरॅडिशला गिऱ्हाईक होतं. पण बाटल्या रंगीत काचेच्या, आणि आत कधीकधी सलगमचा कीस. मिरीत पपईच्या बिया मिसळणारे फक्त आपल्याकडेच असतात असं नाही. १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या शार्प्सबर्गमध्ये हेन्री हाइन्झ या तरुणाने आईच्या पद्धतीचं हॉर्सरॅडिश पारदर्शक बाटलीत भरून विकायला काढलं. बघा आणि मग घ्या!

१८७५ मध्ये त्याची कंपनी बुडाली. कायद्याने सुटका होत असूनही त्याने देणी एका वहीत लिहून ठेवली आणि पुढे फेडली. १८७६ मध्ये भाऊ आणि चुलतभावाबरोबर पुन्हा सुरुवात केली, केचप आणलं. बाकीची कथा तुमच्या फ्रीजमध्ये असेलच. १९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्नाचा कायदा आला, तेव्हा अनेक कारखानदार विरोधात होते. हाइन्झ बाजूने होता.

हे सगळं खरं, पण पारदर्शक काचेतून एक गोष्ट दिसत नाही : बाटली किती दिवसांपूर्वी भरलीय ते. हॉर्सरॅडिशचा झणका हळूहळू उडून जातो. मग उरतो नुसता आंबट चोथा. म्हणून हा सॉस घरीच करावा.

खिडक्या उघडा. मूळ सोलून वाटीभर बारीक किसा. आता खरी मेख. व्हिनेगर हे स्टॉप बटण आहे, ते पडलं की एन्झाइमचं काम थांबतं. मी पहिल्यांदा घाईघाईत ते लगेच ओतलं आणि सॉस अगदीच मुळमुळीत झाला. साधारण तीन मिनिटं थांबा, मग दोन चमचे व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ घाला. झाकून फ्रीजमध्ये ठेवा. वाढायच्या वेळी फेटलेल्या क्रीममध्ये मिसळा आणि भाजलेल्या मांसाबरोबर घ्या.

एका वेळी थोडाच करा, आठवड्याभरात संपेल इतकाच. डोळ्यांतून पाणी येईल, पण आत काय आहे आणि कधीचं आहे, दोन्ही तुम्हाला माहीत असेल.

असो. किसणी लगेच धुवा. भेटू पुढच्या शनिवारी.