ऊतींची साक्ष : आद्य भूवनस्पती आणि दख्खनचा चर्ट

प्रस्तावना
वनस्पतींचे पाण्यातून जमिनीवर झालेले आगमन ही जीवसृष्टीच्या इतिहासातील एक निर्णायक घटना होय. भूवनस्पतींचे बीजाणू सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आढळतात. जमिनीवर टिकण्यासाठी बाष्पीभवन रोखणारी उपत्वचा, वायूंच्या देवाणघेवाणीसाठी रंध्रे आणि पाणी वर नेणाऱ्या ऊती आवश्यक होत्या. या ऊती कोणत्या क्रमाने विकसित झाल्या, हे खडकावरील ठशांवरून क्वचितच ठरते. त्यासाठी पेशींची साक्ष लागते.

ऱ्हायनीचा पुरावा
अशी साक्ष स्कॉटलंडमधील ऱ्हायनी गावच्या चर्ट खडकाने दिली. सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वी उष्ण झऱ्यांतील सिलिका वनस्पतींच्या पेशींत शिरून कठीण झाली. किडस्टन व लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात या वनस्पतींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी ‘ऱ्हायनिया मेजर’ ही वाहिनीयुक्त वनस्पती मानली जात असे. तथापि, तिच्या जलवाहक पेशींच्या भित्तिकांवर खऱ्या वाहिनिकांसारखे जाड पट्टे नाहीत, हे लक्षात आल्यावर १९८६ मध्ये तिला ‘अॅग्लॉफायटॉन’ या स्वतंत्र प्रजातीत स्थान मिळाले. बाह्यरूप नव्हे, तर ऊतीच येथे निर्णायक ठरली.

दख्खनचा संदर्भ
पुण्यातील विश्रांतवाडी ज्या बेसाल्टवर वसली आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्यात आद्य भूवनस्पती मिळणे संभवत नाही. मात्र तेथील ओलसर भिंतींवर पावसाळ्यात उगवणारी हरिता एक जुनी मर्यादा आजही दाखवते. लिग्निनयुक्त जलवाहिनी नसल्याने ती बुटकीच राहते. याच दख्खनच्या लाव्हाथरांमधील तलावांच्या गाळातही सिलिकेने ऊती जतन केल्या. तत्कालीन छिंदवाडा जिल्ह्यातील सौसर परिसरातील अशा वनस्पतींवर बिरबल सहानी व राव यांनी १९४३ मध्ये लेखन केले; त्यांत ‘अॅझोला’ या जलनेच्याचाही समावेश होता. पुणे विद्यापीठातील प्रा. त्र्यं. शं. महाबळे यांनी जीवाश्म ताडांबरोबर जिवंत ताडांचाही अभ्यास केला.

निष्कर्ष
ऱ्हायनी व दख्खन यांच्यात सुमारे ३४ कोटी वर्षांचे अंतर असले, तरी दोन्हींकडील पुरावा सिलिकेनेच राखला आहे. शेतात सुटा पडलेला चर्ट बांधाला लागला किंवा फोडून खडी झाला, तर त्यातील पेशींची नोंद कायमची नष्ट होते. म्हणून अशा स्थळांची नोंद व संरक्षण हे इतिहाससंशोधनाचेच कार्य होय.