कारागृह अधीक्षक (महाराष्ट्र)

कारागृह अधीक्षक हा कारागृहाचा प्रशासकीय प्रमुख असलेला शासकीय अधिकारी होय. बंद्यांची सुरक्षा, शिस्त, अन्न, आरोग्य, श्रम आणि सुधारणा या सर्वांची जबाबदारी त्याच्यावर असते. महाराष्ट्रात येरवडा, मुंबई (आर्थर रोड), ठाणे, तळोजा, नाशिक रोड, हर्सूल, नागपूर, अमरावती आणि कोल्हापूर (कळंबा) ही मध्यवर्ती कारागृहे आहेत.

कायदेशीर आधार

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार कारागृहे हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे अधीक्षकाची निवड व नियुक्ती राज्य शासन करते. या पदाचे स्वरूप प्रामुख्याने १८९४ च्या कारागृह अधिनियमाने निश्चित केले. त्याच्या कलम ११ अन्वये शिस्त, श्रम, खर्च, शिक्षा व नियंत्रण यांबाबत कारागृहाचे व्यवस्थापन महानिरीक्षकाच्या आदेशांच्या अधीन राहून अधीक्षकाने करावयाचे होते. कारागृहातील अपराधांची चौकशी करून शिक्षा देण्याचा अधिकारही याच अधिनियमाने त्याला दिला. चौकशी करणारा व शिक्षा देणारा अधिकारी एकच असल्याने या पदावरील व्यक्तीच्या न्यायबुद्धीला विशेष महत्त्व प्राप्त झाले. सुनील बत्रा खटल्यांतील निकालांत (१९७८ व १९८०) सर्वोच्च न्यायालयाने बंद्यांचे मूलभूत हक्क मान्य करून या अधिकारावर न्यायिक देखरेखीची मर्यादा घातली.

निवड व नियुक्ती

कारागृह व सुधारसेवा विभागाचे प्रमुखपद भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याकडे असते. विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. प्रमुखाच्या हाताखाली प्रादेशिक उपमहानिरीक्षक व त्यांच्या हाताखाली अधीक्षक असतात. वरिष्ठ पदे खात्यांतर्गत पदोन्नतीने, तसेच महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत सरळसेवेने भरली जातात. तुरुंगाधिकारी म्हणून सेवेत आलेल्या व्यक्तीला वरिष्ठ तुरुंगाधिकारी, उपअधीक्षक अशा पायऱ्या चढत अधीक्षकपद गाठता येते. अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण येरवडा येथील दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालयात होते. राज्याच्या २००५ च्या बदली अधिनियमानुसार शासकीय अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असतो.

कोल्हापूर

कोल्हापूर मध्यवर्ती कारागृह शहरालगत कळंबा येथे असून ते पुणे येथील पश्चिम विभागाच्या अखत्यारीत येते. अधीक्षकाच्या कामातील दोन परस्परविरोधी ताण येथे स्पष्ट दिसतात. अंबाबाई मंदिराचा लाडू प्रसाद काही काळ येथील बंद्यांनी तयार केला. श्रमातून पुनर्वसन साधण्याचा तो प्रयत्न होता. दुसरीकडे, कारागृहात मोबाइल व गांजा पोहोचविण्याचे प्रकार उघडकीस आले. जून २०२४ मध्ये १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील एका शिक्षाधीन बंद्याचा सहबंद्यांनी केलेल्या मारहाणीत मृत्यू झाला. केवळ कडक पहारा ठेवणारा किंवा केवळ सुधारणेवर भर देणारा अधिकारी या पदासाठी अपुरा ठरतो.

औंधचा प्रयोग

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात १९३९ मध्ये आटपाडीजवळ (आता सांगली जिल्हा) स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या या वसाहतीत बंदी भिंतींविना राहून शेती करीत. पहाऱ्याची जागा विश्वासाने घेतल्यामुळे प्रयोगाचे यश देखरेख करणाऱ्या व्यक्तीच्या स्वभावावर अवलंबून होते. कोल्हापुरात जन्मलेले व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा हाच प्रयोग होय. त्याचे लेखन आटपाडी परिसरातीलच ग. दि. माडगूळकर यांनी केले.

सुधारणांच्या शिफारशी

न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९८०–८३) कारागृहांसाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा स्थापन करण्याची शिफारस केली. गुन्हेगार पकडणे आणि त्याला समाजात परतण्यास तयार करणे ही वेगळी कौशल्ये आहेत, असा या मागणीमागील विचार मानला जातो. अशी सेवा अस्तित्वात आली नाही. २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली व केंद्राचा २०२३ चा आदर्श अधिनियम यांनी सुधारसेवेवर भर दिला. देशातील सुमारे तीन चतुर्थांश बंदी न्यायाधीन, म्हणजे अद्याप दोष सिद्ध न झालेले आहेत. त्यामुळे अधीक्षकाच्या निवडीचा परिणाम कायद्याने निर्दोष मानल्या जाणाऱ्या व्यक्तींवरही होतो.

हेही पाहा

येरवडा मध्यवर्ती कारागृह
खुले कारागृह
महाराष्ट्र लोकसेवा आयोग