बिमॅटोप्रोस्ट

बिमॅटोप्रोस्ट हे प्रोस्टाग्लँडिन या शरीरात तयार होणाऱ्या द्रव्यांशी रचनेने साम्य असलेले कृत्रिम औषध आहे. काचबिंदूच्या रुग्णांच्या डोळ्यातील वाढलेला दाब कमी करण्यासाठी ते थेंबांच्या रूपात वापरले जाते. याच औषधाचे 0.03 टक्के तीव्रतेचे द्रावण ‘लॅटिस’ या नावाने पापण्यांचे विरळ केस दाट व लांब करण्यासाठी मिळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2008 मध्ये त्यास मान्यता दिली. या कारणासाठी तेथे मान्यता मिळालेले हे पहिलेच औषध होय. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिले जाते.

मराठीत ‘पापणी’ हा शब्द डोळ्यावरील त्वचेचे झाकण आणि त्याच्या कडेचे केस या दोहोंसाठी वापरला जातो. संस्कृतात केसांसाठी ‘पक्ष्मन्’ असा वेगळा शब्द आहे. या लेखात गोंधळ टाळण्यासाठी ‘पापण्यांचे केस’ असा प्रयोग केला आहे.

== इतिहास ==
या उपयोगाचा शोध मुद्दाम लावलेला नाही. लॅटानोप्रोस्ट हे याच गटातील औषध अमेरिकेत 1996 मध्ये काचबिंदूसाठी उपलब्ध झाले. ज्या रुग्णांच्या एकाच डोळ्यात ते घातले जात होते, त्यांच्या त्या डोळ्याच्या पापणीचे केस दुसऱ्या डोळ्यापेक्षा लांब, जाड व काळे झालेले दिसू लागले. नेत्रतज्ज्ञ मरे जॉनस्टोन यांनी 1997 मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. तुलनेसाठी दुसरा डोळा त्याच चेहऱ्यावर असल्याने हा औषधाचाच परिणाम असल्याचे सहज लक्षात येत होते. पुढे 2001 मध्ये ‘ल्युमिगन’ या नावाने बिमॅटोप्रोस्ट काचबिंदूसाठी आले, तेव्हा त्याच्याही बाबतीत हेच आढळले. अ‍ॅलर्गन या उत्पादक कंपनीने मग हा दुष्परिणामच मुख्य उपयोग मानून त्याची स्वतंत्र चाचणी घेतली.

== कार्य ==
पापणीचा प्रत्येक केस वाढ, संक्रमण आणि विश्रांती अशा अवस्थांतून जातो व अखेरीस गळतो. डोक्यावरील केसाची वाढीची अवस्था काही वर्षे टिकते, पापणीच्या केसाची मात्र काही आठवड्यांतच संपते. पापण्यांचे केस आखूड राहतात ते यामुळेच. बिमॅटोप्रोस्टमुळे ही वाढीची अवस्था लांबते व एका वेळी अधिक केस त्या अवस्थेत राहतात, असे मानले जाते. केसातील मेलॅनिन हे रंगद्रव्यही वाढते. नवीन केशपुटके (केस उगवण्याच्या त्वचेतील पिशव्या) मात्र तयार होत नाहीत. जेथे व्रणामुळे केशपुटके नष्ट झाली आहेत, तेथे या औषधाकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

== परिणामकारकता ==
मान्यतेपूर्वीच्या मुख्य चाचणीत 278 प्रौढ व्यक्ती सहभागी होत्या. 16 आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी 78 टक्के, तर औषधविरहित द्रावण वापरणाऱ्यांपैकी 18 टक्के व्यक्तींच्या पापण्यांत ठरावीक मोजपट्टीवर किमान एका श्रेणीची सुधारणा दिसली. केसांची लांबी सरासरी 25 टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटात ही वाढ 2 टक्के होती.

परिणाम साधारण दोन महिन्यांत जाणवू लागतो. औषध थांबवल्यावर काही आठवडे ते महिन्यांत केस पूर्वस्थितीला येतात. परिणाम टिकवायचा तर औषध चालू ठेवावे लागते, ही गोष्ट जाहिरातींत क्वचितच ठळकपणे सांगितली जाते.

== वापर ==
रात्री चेहरा धुऊन, प्रसाधने व कॉन्टॅक्ट लेन्स काढून, निर्जंतुक कुंचल्यावर एक थेंब घेतला जातो आणि तो फक्त वरच्या पापणीच्या कडेला केसांच्या मुळाशी लावला जातो. खालच्या पापणीला लावत नाहीत. डोळे मिटल्यावर पुरेसे औषध तेथे आपोआप पोहोचते. प्रत्येक डोळ्यासाठी नवा कुंचला घेऊन वापरानंतर तो टाकून द्यावा लागतो. ओघळलेले द्रावण टिपून घेणे आवश्यक असते, कारण ते वारंवार लागेल तेथे, उदाहरणार्थ गालावर, केस उगवू शकतात. लेन्स पुन्हा बसवण्यापूर्वी किमान 15 मिनिटे थांबावे लागते.

== दुष्परिणाम ==
डोळ्यांना खाज व लाली हे नेहमी आढळणारे दुष्परिणाम आहेत. पापणीची त्वचा काळसर होऊ शकते. औषध थांबवल्यावर हा काळसरपणा बहुधा ओसरतो.

परितारिकेचा, म्हणजे बुबुळातील रंगीत भागाचा, बदल अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो. तिच्यातील तपकिरी रंगद्रव्य वाढू शकते आणि हा बदल बहुधा कायमचा असतो. म्हणजे हवा असलेला परिणाम तात्पुरता, तर नको असलेला हा एक परिणाम कायमचा. पापणीला लावताना तो क्वचितच आढळतो. गडद तपकिरी डोळ्यांत तो चटकन लक्षात येणार नाही. घाऱ्या किंवा हिरवट डोळ्यांत मात्र दिसून येईल. दीर्घकाळ वापरल्यास डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल गेल्यासारखे दिसण्याचीही शक्यता असते.

औषधाच्या संकेतस्थळावर या धोक्यांची माहिती वगळली किंवा सौम्य करून मांडली, या कारणास्तव अमेरिकी प्रशासनाने 2009 मध्ये उत्पादक कंपनीला इशारापत्र पाठवले होते. चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या काही ‘लॅश सीरम’मध्येही आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट हे याच गटातील द्रव्य असते. प्रसाधन म्हणून विकले जात असल्याने ग्राहकाला त्याचा संशय येत नाही. म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी वाचणे योग्य.

== भारतातील वापर ==
भारतात बिमॅटोप्रोस्टचे थेंब काचबिंदूसाठी विकले जातात आणि तीच बाटली काही जण पापण्यांसाठी वापरतात. तिच्यासोबत निर्जंतुक कुंचले मिळत नाहीत. एकच कुंचला पुन्हापुन्हा वापरल्यास जंतुसंसर्गाचा धोका असतो. पापण्यांना एरंडेल तेल लावण्याची घरगुती प्रथाही जुनी आहे, परंतु त्याने केस वाढतात असे सिद्ध करणारा भक्कम पुरावा नाही.

पापण्यांचे केस अचानक गळू लागले, तर आधी कारण शोधणे महत्त्वाचे असते. चाई, थायरॉइडचे विकार, पापणीच्या कडेची सूज, कर्करोगावरील रसायनोपचार, तसेच केस उपटण्याची मानसिक सवय यांमुळेही ते गळतात. पापणीवर एकाच जागी केस गळून तेथे गाठ दिसत असेल, तर ते त्वचेच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. काचबिंदूचे उपचार चालू असलेल्यांनी पापण्यांसाठी हे औषध वापरण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना सांगणे आवश्यक आहे, कारण त्यामुळे डोळ्यातील दाबाच्या नियंत्रणात फरक पडू शकतो.